रुसकीचा फोटो शेवटी

दि. ६ जानेवारी

चि. शिट्टी हिस बाबांचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. स्टुडिओला कुलूप लावून माझ्या म्हशींच्या मागे हिंडणार म्हणतेस. लग्नातली माणसं सोडून भंगारातली इंजिनं कसली टिपायची, असं तुझी आई विचारते आहे. मी म्हटलं, मुलगी कुणाची आहे ते बघ. त्यावर म्हणाली, तेच बघतेय.

आता कामाचं. ह्या जातीची डिझेल इंजिनं आमच्याकडे एकूण नऊ आली. लांब नाकाची, काळीकुट्ट, मालगाडी ओढायला दणकट आणि वळणावर मठ्ठ, म्हणून शेडमध्ये सगळे त्यांना म्हशीच म्हणायचे. मी नऊही चालवल्या, बहुतेकींना नावंही ठेवली. पुढे त्या कारखान्यांना, खाणींना विकल्या गेल्या आणि कोण कुठे गेली याचा पत्ता राहिला नाही. तो तू लाव.

एक गोष्ट गाठीला बांध. नंबराच्या पाटीवर विश्वास ठेवू नकोस. वर्कशॉपात हाताला लागेल ती पाटी ठोकायचे. खरा नंबर पुढच्या चाकामागे लोखंडी चौकटीत कोरलेला असतो. वर रंगाचे थर चढलेले असतात, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागतो. आधी बोट फिरव, मगच कॅमेरा काढ.

आणि रुसकीचा फोटो सगळ्यांत शेवटी. थंडीत चालू होताना रुसून बसायची, म्हणून रुसकी. तू झालीस ते मला तिच्यावर असतानाच कळलं. वाटेतल्या स्टेशनात मास्तरांनी धावत येऊन चिठ्ठी हातात दिली आणि पुढचं स्टेशन येईपर्यंत मी भोंग्यावरचा हात काढला नाही. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. मी लिहून दिलं, मुलगी झाली. तेव्हापासून तू शिट्टी. ती एक म्हैस मला निवांत बघायची आहे.

माया आहेच, पत्रागणिक ती थोडी वाढवावी.

तुझे बाबा

दि. २४ जानेवारी

ती. बाबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

खोकली सापडली. एका सिमेंटच्या कारखान्यामागे, गवत वाढलेल्या रुळावर उभी आहे. रखवालदाराने विचारलं, हिचा पासपोर्ट काढायचाय का. मी म्हटलं, हो, आणि ही हललीही नाही, गिऱ्हाइकांपेक्षा बरी.

पाटीवर आठ होता. चौकटीवर बोट फिरवलं तर पाच लागला. तुम्ही म्हणाला होता तसंच.

एक गंमत आहे. काचांवर सिमेंटचा असा थर होता की आतलं काही दिसत नव्हतं. दाराचं कुलूपही गंजून बसलेलं. पण फोटो धुतल्यावर ड्रायव्हरच्या काचेवर एक स्वच्छ गोल दिसला, आतून कुणी पुसावा तसा. उजेडाचा खेळ असणार. फोटो सोबत आहे. सासूबाईंचा माग लागलाय, म्हणजे इंजिनाचा. माझ्या खऱ्या सासूबाईंना सांगू नका.

आईला नमस्कार. रागवायचं तर पत्रातूनच, पण रागवत राहा.

शिट्टी

दि. १७ फेब्रुवारी

चि. शिट्टीस आईचे अ. आ.

खोकलीचा फोटो आला, मागोमाग सासूबाईचा. ह्यांनी दोन्ही स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावले. खोकली आली त्या दिवशी दूध उतू जाईपर्यंत मला तिच्या गोष्टी सांगत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासमोर उभे राहून विचारलं, हे कुठलं इंजिन. मला वाटलं चेष्टा. मी खोकली म्हणाले, तर म्हणे नाव छान आहे, कुणी ठेवलं.

नुसतं इंजिन गेलं असतं तर मी लिहिलं नसतं. खोकली चालवायचे त्या वर्षी आपण हे घर घेतलं. आता विचारतात, हे घर आपलंच का. सासूबाईच्या वर्षी तुझे थोरले काका गेले. परवा म्हणाले, दादाचं पत्र का येत नाही. काय सांगू?

दुसरं, तो काचेवरचा गोल. ह्यांची काच पुसायची तऱ्हा तुला माहीत आहे. कोपराने गोल आणि शेवटी खाली एक फराटा. माझ्या स्वयंपाकघरातल्या खिडकीवर तो रोज असतो. फोटोत फराट्यासकट तोच आहे. सासूबाईच्या फोटोत तर गोलामागे बाही दिसते. तपकिरी, कोपराला ठिगळ. ते ठिगळ मी लावलेलं आहे.

तू शहाणी आहेस, काय ते कळव. जीव तुझ्यापाशी आहे, सांभाळावा.

आई

दि. २ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

तू घाबरू नकोस. बाबांचं वय झालंय. आधी डॉक्टरांना दाखव. फोटो आला आणि विसर पडला, म्हणजे फोटोमुळेच विसर पडला, असं होत नाही. असं मी तुला लिहिणार होते.

पण काल लंगडीचा फोटो धुतला. ती खाणीत उभी आहे आणि तिला काचच नाही, नुसती रिकामी चौकट. फोटोत काच आहे. पुसलेली आहे. मागे खांदा आहे, गळा आहे, वर अंधार. इतकी वर्षं हे काम करते आहे, धुळीचा डाग आणि दोनदा उमटलेलं चित्र मला झोपेत ओळखता येतं. हे ते नव्हे.

लंगडीचा फोटो मी ठेवून घेते. बाबा तिला विसरतात का ते बघ. मात्र तुझं पत्र यायच्या आधी एकडोळीचा पोस्टात टाकून बसले आहे. मिळाला तर त्यांच्या हाती पडू देऊ नकोस.

तुझ्या धाकाची कृपा राहू दे.

शिट्टी

दि. २० मार्च

चि. शिट्टीस अ. आ.

फोटो तुझ्या पत्राआधी पोचला. पोस्टमन ह्यांचा दोस्त, पाकीट थेट ह्यांच्या हातात.

एकडोळीच्या वर्षी आमचं लग्न झालं. आता मला अहो-जाहो करतात. काल चहा दिला तर उठून उभे राहिले. अदबीने विचारलं, तुम्ही ह्या घरी कधी आलात, इथे करमतं ना? मी म्हटलं, हळूहळू करमेल.

लंगडी मात्र खिळ्या-खिळ्यासकट आठवते. म्हणजे बघितलं की जातं, नाही बघितलं तर राहतं. आणि बाई, त्यांना त्रास काहीच नाही. गोळी न घेता झोपतात, गुणगुणतात. जे हरवलं त्याचं दुःख एकट्या माझ्याकडे आलंय.

तुझं अजून सगळं आठवतं. कालही भोंग्याची गोष्ट सांगितली, मला कोण पाहुणी समजून. रुसकी दिसली की तू जाशील. आता एकही फोटो पाठवू नकोस.

आई

दि. ११ मे

चि. शिट्टीस आशीर्वाद.

दोन महिने फोटो नाही. पोस्टमन माझी नजर चुकवून जातो. घरातल्या बाईंनी तुला बंदी केलेली दिसते. त्या प्रेमळ आहेत, पण त्यांना इंजिनातलं कळत नाही.

मला काय होतंय ते मला कळतं. सबंध जन्म भरलेली मालगाडी ओढली. आता एकेक डबा सुटतोय आणि चढ सोपा होतोय. घाबरण्यासारखं काही नाही. रुसकी नको. तो डबा मी शेवटपर्यंत नेणार आहे. दुसरी कुठलीही चालेल. दोन नंबर पाठव. तिच्यावर मी जेमतेम पावसाळाभर होतो, आणि तिचा मला कंटाळाच होता. भिंतीवर जागा रिकामी आहे, रोज तिकडे बघत बसतो.

म्हाताऱ्याचा हट्ट आहे, पुरवावा.

बाबा

दि. ३० मे

ती. बाबांना सा. न. वि. वि.

आईशी पत्राने बोलले. कंटाळवाण्या पावसाळ्याने काही बिघडणार नाही असं तिलाही वाटतं. म्हणून दोन नंबर पाठवते आहे.

वेळेवर पोचले. भंगारवाल्याच्या आवारात गॅस कटर पेटवून माणसं तिच्यासमोर उभीच होती. मुकादम म्हणाला, बाई, काय ते पटकन उरका. पाटीवर दोन स्पष्ट होता, पाटी चांगली, स्क्रूसुद्धा चकचकीत. चौकटीला हात लावणार तर चाकामागे गांधीलमाश्यांचं पोळं. दोन पावलं मागे सरकले आणि फोटो घेतला. पाठ वळली तेव्हा तिच्या छताचा कापलेला पत्रा खाली पडला.

ह्या फोटोत काच कोरी आहे. गोल नाही, माणूस नाही. मोठ्या उजेडाखाली धरूनही पाहिलं. त्यामुळेच धीर झाला.

पुढच्या महिन्यात घरी येते. तोवर मला तोंडपाठ ठेवा.

तुमची शिट्टी

दि. १४ जून

मा. छायाचित्रकार बाईंस स. न. वि. वि.

पाकिटावरच्या पत्त्यावर हे लिहीत आहे. आपली ओळख नसताना आपण एका मालगाडीच्या इंजिनाचा सुरेख फोटो पाठवलात, त्याबद्दल आभारी आहे.

फोटोखाली आपण दोन नंबर असं लिहिलं आहे. घरातल्या बाई सांगतात की तो पाहताच मी हसलो आणि म्हणालो, ही दोन नव्हे, ही रुसकी. छताचा तो तिरका कोपरा म्हणे मीच उभं राहून बसवून घेतला होता. मग दुपारभर मी त्यांना कसल्याशा शिट्टीची गोष्ट सांगितली आणि आम्ही दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मला ह्यातलं आठवत नाही. पण त्या खोटं बोलणाऱ्या वाटत नाहीत. आज सकाळपासून त्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या आहेत. 

रागावणार नसाल तर एक सुचवतो. पाटीवर विश्वास ठेवू नये, चौकटीवर बोट फिरवून बघावं. हे मी कुठे शिकलो कुणास ठाऊक, पण खरं आहे.

बाई म्हणतात, आपण पुढच्या महिन्यात इकडे येणार आहात. जरूर या. आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. मुलीची दिसते, पुस्तकं आणि जुना कॅमेरा आहे. कुणाची ते मला ठाऊक नाही, पण कुणी हरकत घेणार नाही.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे, पण त्याला आधी ओळख लागते. ती व्हावी.

आपला,
एक निवृत्त ड्रायव्हर

ता. क. खिडकीतल्या माणसाबद्दल विचारायचं राहिलं. तरुण आहे, तपकिरी सदरा, चेहरा स्वच्छ दिसतो. काच पुसून तो थेट आपल्याकडे बघतो आहे आणि त्याचा एक हात वर, भोंग्याच्या दांड्यावर आहे. आपण याल तेव्हा तो कोण ते सांगा. आपल्या जवळचा असणार. परक्या माणसाकडे कुणी असं बघत नाही.