मिस नोरीनची बाजू

ऐन सिद्र, कराक
२ नोव्हेंबर १९९३

अमशे,

तुला, तुझ्या नवऱ्याला आणि त्या उंच सुनेला सलाम. इथे सगळे ठीक आहेत, माझा गुडघा सोडून. ऑलिव्ह उतरवून झाले. तेल यंदा कमी निघालं, पण दाट आहे. तू पाठवलेला स्वेटर मला होत नाही, म्हणून शेजारच्या उम्म सक्रला दिला. राग आला असेल तर पुढच्या वेळी माप विचारून घे.

अक्षर माझंच आहे, हसू नकोस. चौथीत शाळा सुटलेल्या बाईचं याहून चांगलं येत नाही.

तू विचारतेस, तलाल फोनवर का येत नाही? हमदानच्या दुकानात तुझा फोन आला की मी सांगायचे, शेतावर गेलाय, कॉलेजात गेलाय, आंघोळ करतोय. तू म्हणालीस, किती आंघोळ करतो हा! तर आधी हे वाच: तुझा मुलगा आत्ता माझ्यासमोर बसून मसुराचं सूप भुरकतोय. हातपाय जागच्या जागी आहेत. हे दोनदा वाच आणि मगच पुढे जा.

आधी वर्गाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बायकांच्या संस्थेत मिस नोरीन नावाची पिकल्या केसांची आयरिश बाई आम्हाला इंग्रजी शिकवते. वरच्या खोलीत एकटीच राहते. किल्ला बघायला येणाऱ्या परदेशी लोकांना पनीर आणि सतरंज्या विकता याव्यात म्हणून हा खटाटोप. तिने आता ‘कॅन, मे, शुड, मस्ट’ असले शब्द काढलेत. आपल्याकडे क्रियापद बाईसाठी वेगळं, बाप्यासाठी वेगळं. हे शब्द मात्र कुणासाठीच वाकत नाहीत. उम्म सक्र म्हणाली, “म्हणजे आमच्या सासूबाईच!” वर्ग हसून लोळला. शिवाय या शब्दांमागे लगेच काम सांगायचं, मध्ये काही घुसवायचं नाही. आपल्या बोलण्यात मध्ये एक ‘की’ लागतो ना, तोच आमच्या जिभेवर येतो, आणि मिस कपाळाला हात लावते.

पण खरी पंचाईत अर्थाची. आपण सगळीकडे एकच ‘लाज़िम’ ठोकतो. जेवायलाच हवं, बसायलाच हवं, राहायलाच हवं. आपल्याला त्यात माया दिसते. मी तिला पहिल्यांदा घरी बोलावलं तेव्हा “मस्ट, मस्ट” करत तिच्या ताटात मटण ढकलत राहिले. बिचारीला तो हुकूम वाटला. ती खात सुटली आणि दुसऱ्या दिवशी वर्ग बुडाला. मग तिने फळ्यावर शिडी काढली. खालच्या पायरीवर ‘मे’: होईल, नाही होईल, अल्लाला ठाऊक. त्यावर ‘कॅन’: तुझ्या हातात आहे. त्यावर ‘शुड’: शेजारीण सांगते तसं, ऐकलंस तर बरं. टोकावर ‘मस्ट’: तिथून पुढे वाटच नाही. मला म्हणाली, “फिद्दा, तू सारखी टोकावर चढून बसते. खाली ये.” तिचं अरबी असंच आहे, मोडकं पण खरं.

आता बसून घे, अमशे.

तलाल आमची पिकअप घेऊन तेलाच्या घाण्यावर निघाला होता. वळणावर मागची पोती घसरली, त्याने मान वळवून पाहिलं, आणि तेवढ्यात मिस नोरीन रस्ता ओलांडत होती. तिच्या नडगीचं हाड मोडलं. पोरगा पळाला नाही, हे लक्षात ठेव. त्यानेच तिला उचलून गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं आणि तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले.

ती आपला दावा सोडत नाही तोवर सुटका नाही, असं ठाण्यावर सांगितलं. खटला उभा राहिला असता तर कॉलेज गेलं असतं आणि तुझ्याकडे यायची परवानगीही गेली असती. म्हणून मी तुला कळवलं नाही. तू तिथे सिडनीत काय करणार होतीस? रडणार होतीस. रडायला इथे मी होतेच.

मिसला खोलीवर आणल्यावर माझा अबू गालिब घरचा कर्ता म्हणून शेख अबू नायिफांकडे गेला आणि आपल्या रीतीप्रमाणे जाहा ठरली. थोरली माणसं जखमी माणसाच्या दारी जाणार आणि माफी मागणार. शेख मला म्हणाले, “तूही चल. तिची भाषा तुला येते.” मी म्हटलं, मला पनीर विकण्यापुरती येते. तरी गेले.

खोलीत शिरलो आणि मी दोन्हीकडे पाहिलं. आपल्या बाजूला अंगरखे घालून आलेले म्हातारे भिंतीपासून भिंतीपर्यंत. समोर पलंगावर मिस नोरीन, पाय प्लास्टरमध्ये, उशीवर ठेवलेला. तिच्या बाजूला कुणी नाही. ना बाप, ना भाऊ, ना चुलता. वर्गातल्या बायका जिन्यातच घुटमळत होत्या. उम्म सक्रने कॉफी ओतली आणि पहिला पेला शेखांपुढे ठेवला. शेखांनी रीतीप्रमाणे तो खाली ठेवला. मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा पीत नाही, विसरली नसशील.

मिसला कुठे ठाऊक! तिने पाहिलं, म्हातारा कॉफी पीत नाही. तिला वाटलं, थंड झाली असेल. मोठ्या मायेने वाकली, शेखांचा पेला उचलला आणि कॉफी पलंगाशेजारच्या खिडकीतल्या कुंडीत ओतली.

अमशे, पेला ओतला म्हणजे मागणं झिडकारलं! शेखांची दाढी थरथरायला लागली. एक म्हातारा तर जोडे शोधायला लागला. आणि मिस मात्र हसून सांगतेय, “गरम देते, गरम!”

मी ओरडले, “बसा सगळे! तिला माहीत नाही! तिच्या गावात थंड कॉफी ओतून देतात, माणूस ओतून देत नाहीत!”

शेख बसले, पण चेहरा दगडासारखा. उम्म सक्रने नवा पेला ठेवला. शेखांनी आपलं बोलणं केलं, पोरगा आमचा, चूक आमची, मान तुमचा, आणि मग मला म्हणाले, “आता तिला सांग. माफ करायलाच हवं. एवढी माणसं दारी आली आहेत.”

तो ‘मस्ट’ माझ्या ओठांवर होता. तुझी शपथ, होता. मोडक्या पायाची परकी बाई, समोर एवढ्या दाढ्या. मी तो शब्द म्हटला असता तर ती ‘हो’च म्हणाली असती, जशी मटणाला म्हणाली होती. तलाल संध्याकाळपर्यंत घरी आला असता.

मी उठले आणि खोली ओलांडून तिच्या पलंगाशी जाऊन बसले.

शेख म्हणाले, “फिद्दा, तू कुणाकडची?”

“आत्ता हिच्याकडची. हिच्याकडे कुणीच नाही.”

अबू गालिबने डोळे मिटून घेतले. मी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, “काय गं, तिथे उभ्या राहून भिंत धरताय का? आत या!” उम्म सक्रने कॉफीचं भांडं खाली ठेवलं आणि पहिली येऊन बसली, तुझा स्वेटर घालून. मग बाकीच्या आल्या. पलंगाभोवती जागा उरली नाही.

मग मी मिसला पेल्याचं सगळं समजावलं. निम्मं अरबीत, निम्मं हातवाऱ्यांनी. तिने कुंडीकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शेवटी मी इंग्रजीत म्हटलं, “यू कॅन से नो.” शिडीच्या त्या पायरीवरून म्हटलं, टोकावरून नाही. तुझ्या हातात आहे. नाही म्हणालीस तरी आम्ही बायका तुझ्याजवळून उठणार नाही.

हेच मला तुला सांगायचं होतं आणि हेच लांबवायला मी तेलाच्या आणि स्वेटरच्या गप्पा मारत बसले. तुझा मुलगा कोठडीत होता आणि मी, त्याची सख्खी खाला, त्या बाईला सांगत होते की तू नाही म्हणू शकतेस. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच सांगेन.

तिने उशीवरचा पाय सावरला. मग मला विचारलं, “तो झोपतो?”

मी म्हटलं, “नाही. जेवतही नाही.”

“मी पण नाही झोपत. ब्रेकचा आवाज येतो.” मग ती शेखांकडे वळली आणि आपल्या मोडक्या अरबीत, अगदी सावकाश म्हणाली, “कॉफी पी, शेख. या वेळी मी ओतणार नाही.”

आधी हसले ते शेखच. पेला एका घोटात संपवला, आणि मग खोलीतला प्रत्येक म्हातारा असा प्यायला जणू वाळवंटातून चालत आलाय. मी रडले. माझं मला कळलं नाही, उम्म सक्रने सांगितलं. रीतीप्रमाणे शेखांनी विचारलं, तुमची अट काय? मिस म्हणाली, “मुलगा माझ्या वर्गात येईल.”

तर मिसने दावा सोडला, आणि तलाल आता बायकांच्या वर्गात दाराशी बसतो, कान लाल करून. मिस खुर्चीवरूनच शिकवते. काल त्याला म्हणाली, तुझ्या खालाचं इंग्रजी तुझ्यापेक्षा वाईट आहे, पण ती शब्द जागेवर ठेवते. तो घरी येऊन हे मला सांगताना हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, अमशे. आता झोपतोही, आणि घोरतोही, बापासारखा.

शुक्रवारी दुपारी हमदानच्या दुकानात फोन कर. तो स्वतः उचलेल. आधी त्याच्याशी बोल, मग माझ्याशी. माझ्यावर तू रागावू शकतेस. रागावायलाच हवं असं नाही.

तुझ्या मुलाची खाला, आणि त्या दुपारपुरती समोरच्या बाजूची,
तुझी थोरली बहीण
फिद्दा