समुद्रात गेलेलं घर

सरावली, बोईसर
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय ज्ञानेश, ताईचे आशीर्वाद.

काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तू बसवलेल्या यंत्रणेने नकाशावर माझं घर भर समुद्रात दाखवलं. वायुगळतीचा इशारा देणारे तुझे डबे एकमेकांपासूनचं अंतर मोजून आपापली जागा ठरवतात ना? त्यातला वाऱ्याने खांबावरून पडलेला एक डबा मासळीवाली हिराबाय समुद्रकाठच्या एडवणला घेऊन गेली. "चोरला नाय बाय, बोंबलाच्या जाळीवर वजनाला ठेवलाय," म्हणाली.

डबा मात्र स्वतःला अजून खांबावरच समजतो. स्वतः लांब गेला आणि सांगतो, घर लांब गेलं. माझ्या घरच्या डब्याने दुसऱ्या कुठल्या डब्याला न विचारता त्यावर मान डोलावली.

पडद्यावर पाहता पाहता मला घर खरंच हलकेच तरंगत निघाल्यासारखं वाटलं. खिडकीबाहेर निळं पाणी, तुझे दाजी शांत झोपलेले, दम्याची घरघरसुद्धा लाटेसारखी. मग मी दचकले. गळती झाली तर मदतीची गाडी त्यांना कुठे शोधणार?

आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर एका मुलीच्या सांगण्यावर कधी विसंबल्या नाहीत. तिघींना वेगवेगळं विचारायच्या, न जुळणारं सोडून द्यायच्या. तुझ्या डब्यांना एवढं शिकव.

आम्ही ठीक आहोत. नांदेडला थंडी पडली का? तुझी कंबर कशी आहे?

फोनवर हसून टाळू नकोस. घर जमिनीवर कधी आणतोस, ते २८ नोव्हेंबरच्या आत मला लेखी कळव.

तुझी,
इंदूताई