संयुक्त वैद्यकीय सूड

६ सप्टेंबर २००८, शनिवार
आज सूडाचा निश्चय केला. विसरायला नको म्हणून ही डायरी. डायरी गेल्या वर्षीची आहे, वार जुळत नाहीत, खोडून लिहितोय.

प्रसंग असा: टोकियोत फुनाबोरीच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा गणपती. ओजसचा सत्कार, अमेरिकेतल्या प्रवेशाच्या सॅट परीक्षेत ढीगभर मार्क पडले म्हणून. ओजस म्हणजे रविकांतचा मुलगा, डॉक्टर व्हायचंय म्हणे. रविकांत म्हणजे आमच्याच बिल्डिंगमधला, तिसरा मजला. (आम्ही चौथा.) सत्कार झाला तरी गृहस्थाने माइक सोडला नाही. आमची नुपूर (यंदा बारावी) तेव्हा व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आज्यांना ताटं नेऊन देत होती. तिच्याकडे बोट करून म्हणाला, मार्कांचं काय एवढं, म्हाताऱ्या माणसांना या मुलीसारखं कोणी सांभाळत नाही, हिने हेच काम करावं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. हसलेही असतील. मी मोदकाकडे बघत होतो.

म्हणजे त्याचा मुलगा डॉक्टर होणार आणि माझी मुलगी म्हाताऱ्यांची ताटं उचलणार. भर सभेत! बघून घेईन.

७ सप्टेंबर, रविवार
सूडाचं साधन सापडलं. अमेरिकेत एक कोर्स असतो. बारावीनंतर एकदाच अर्ज करायचा, कॉलेज आणि मेडिकल दोन्ही सीटा एकदम पक्क्या. अगदी मोजकी मुलं घेतात. रविकांतचं तोंड बंद करायला याहून मोठं बूच नाही.

बायको, मधुरिमा, म्हणाली, आधी नुपूरला विचारा. विचारलं. ती जपानीत म्हणाली, बेत्सुनी, म्हणजे विशेष काही नाही. हा शब्द ती सगळ्यालाच वापरते. हरकत नाही असा अर्थ घेतला.

एक्सेल शीट केली. मार्क, निबंध, समाजसेवा, शिफारसपत्र, एक्स फॅक्टर. एक्स फॅक्टरला दहापैकी दहा दिले. प्रवेशाची शक्यता: ३८ टक्के.

१६ सप्टेंबर
न्यूयॉर्कची बँक बुडाली. कावासाकीच्या ऑफिसात सगळ्यांचे चेहरे उतरलेले. ओव्हरटाइम बंद, सहाला घरी जा म्हणाले. शेजारच्या टेबलावरचा मोरी-सान रडवेला झाला. मी मनात म्हटलं, उत्तम. आता पूर्ण वेळ सूडाला.

रोज सात वाजता नुपूरशेजारी बसायचं ठरवलं. नुपूर आश्चर्याने दोनदा वळून बघत होती.

२२ सप्टेंबर, सोमवार
कागदाच्या कचऱ्याचा वार. (इथे प्रत्येक कचऱ्याला वेगळा वार.) रविकांतचा गठ्ठा खाली ठेवलेला, सुतळीने नीट बांधलेला. सगळ्यात वर काय? त्याच कोर्सचं ब्रोशर! म्हणजे ओजसही अर्ज करतोय. चोर लेकाचा.

संतापाच्या भरात बिल्डिंगच्या मॅनेजरकडे तक्रार केली की तिसऱ्या मजल्यावरची मंडळी नियम मोडून प्लास्टिकच्या बाटल्या झाकणासकट टाकतात. पुराव्यादाखल बाटली दाखवली. मॅनेजरने फार वेळ वाकून माफी मागितली. घरी आल्यावर मधुरिमा म्हणाली, अहो, ती बाटली आपली होती.

१२ ऑक्टोबर
समाजसेवा हवी. इथली हॉस्पिटलं शाळकरी मुलांना आत फिरकू देत नाहीत. शेवटी स्टेशनपलीकडच्या वृद्धाश्रमात दर रविवारी नुपूरची सोय लावली. पहिल्या दिवशी आणायला गेलो तर ती एका आजोबांना खुर्चीतून उठवत होती. ते रागावलेले, ही हळू हळू काहीतरी सांगत होती. अर्धा तास गेला. मी घड्याळ दाखवलं तर माझ्याकडे बघितलंही नाही.

नुपूरला बजावलं, ओजसला या जागेचा पत्ता लागता कामा नये. ती म्हणाली, हाय. म्हणजे जपानीत हो.

२४ ऑक्टोबर
नुपूरच्या सॅटचा निकाल. २४०० पैकी १७१०. मधुरिमाचा चेहरा पडला. तिला म्हटलं, टक्केवारी काढ. एकाहत्तर! फर्स्ट क्लास, डिस्टिंक्शन थोडक्यात हुकलं. आमच्या वेळी एकाहत्तर टक्क्यांना पेपरात फोटो यायचा.
शक्यता: ५२ टक्के.

६ नोव्हेंबर
सहा कॉलेजांचे फॉर्म आले. सगळ्यांत एक चौकट: अर्जदार नागरिक किंवा कायम रहिवासी असलाच पाहिजे. वाचून नाचायचाच बाकी होतो. दहा वर्षं इथे टॅक्स भरून, यंदाच आम्हा तिघांना जपानचं कायम वास्तव्य मिळालंय! रविकांतला अजून नाही. तो न्यू जर्सीला आठ वर्षं होता, ओजसही तिकडेच जन्मला. तिथली नोकरी गेली तेव्हा इकडे आला, आणि तोरा बघा.

नुपूर म्हणाली, बाबा, ते अमेरिकेचं विचारतायत. मूल आहे अजून, तिला काय कळतंय. एवढी मोठी कॉलेजं, त्यांना जपान माहीत नाही? ज्याला जपानने कायमचं ठेवून घेतलं त्याला कोणीही ठेवून घेईल. 'होय'वर टिक केली आणि पासपोर्टच्या शिक्क्याची झेरॉक्स जोडली, रंगीत.
शक्यता: ८१ टक्के.

१७ नोव्हेंबर
शिफारसपत्राने घात केला. नुपूरच्या वर्गशिक्षिका ओकुमुरा-सेन्सेई. मी चार वेळा वाकून, पुण्याची चितळ्यांची बाकरवडी देऊन विनंती केली होती. पत्रात काय? नुपूर वर्गाची साफसफाई मनापासून करते, दुसऱ्याच्या वाटचा कोपराही पुसते, आणि गप्प बसणाऱ्या मुलांजवळ स्वतः जाऊन बसते. बास! हे काय डॉक्टरकीचं पत्र आहे?

भाषांतर मी केलं. साफसफाईचं 'इन्फेक्शन कंट्रोलमध्ये नेतृत्व' करून टाकलं.

२३ नोव्हेंबर
मायलेकी दोन दिवस उत्तरेला सेंदाईला. मधुरिमा जाताना म्हणाली, तिथल्या नर्सिंग कॉलेजची मुलाखत आहे, तुम्हाला तीनदा सांगितलंय. मी निबंधात होतो. या दिवसांत तिकडे झाडांची लाल पानं छान दिसतात, म्हणून गेल्या असणार. मूळ शिफारसपत्रही घेऊन गेल्या. न्या म्हटलं, मला ते नकोच होतं.

निबंध: 'मला डॉक्टर का व्हायचंय.' नुपूरला वेळ नव्हता म्हणून मीच लिहिला. पहिला मसुदा फार तिखट झाला, रविकांतचं नाव दोनदा आलं. दुसऱ्यात त्याचं 'समाजातील काही प्रवृत्ती' केलं.

१३ डिसेंबर
मधुरिमाने गुलाबजाम केले. सेंदाईच्या नर्सिंगला नुपूरची निवड झाली म्हणे. मुलाखतीत त्यांनी ओकुमुरा-सेन्सेईंचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं म्हणे. नुपूर लाजत होती. मी दोन गुलाबजाम खाल्ले. बॅकअप असायला हरकत नाही. एक्सेलमध्ये 'प्लॅन झेड' असा रकाना टाकला.

१० जानेवारी २००९
मंडळाची पाडव्याच्या कार्यक्रमाची मीटिंग. आज सूडाचा कळस रचला. ठराव मांडला: अमेरिकेच्या या संयुक्त वैद्यकीय कोर्सला ज्या मुलाला प्रवेश मिळेल त्याचा पाडव्याला सत्कार. सत्कार करायचा दुसऱ्या अर्जदार मुलाच्या वडिलांनी. खिलाडूवृत्ती! अर्जदार दोनच. म्हणजे रविकांत स्वतःच्या हाताने नुपूरला ट्रॉफी देणार, आणि समोरून फोटो मी काढणार.

रविकांत म्हणाला, वा, काय सुंदर कल्पना आहे चंद्रहास! काही कळत नाही बिचाऱ्याला. ट्रॉफी मी माझ्यातर्फे पुण्याहून मागवली. नावाची पट्टीही करून चिकटवून टाकली. उगाच शेवटच्या क्षणी धावपळ नको.

१८ जानेवारी
नुपूरला आणायला वृद्धाश्रमात गेलो तर आत ओजस! आजोबांच्या शेजारी बसून कागदाचे बगळे करतोय. नुपूर म्हणाली, त्याला म्हाताऱ्या माणसांशी बोलायची भीती वाटते, म्हणून मीच आणलं ऑक्टोबरात. ऑक्टोबरात! मी म्हटलं, तुला बजावलं होतं ना, तू हाय म्हणालीस ना? ती म्हणाली, हाय म्हणजे ऐकलं, एवढंच म्हणाले होते.
घरात फितुरी. शक्यता तरीही ८५. फितुरीमुळे सहानुभूती मिळते.

१० फेब्रुवारी
दोन कॉलेजांच्या ईमेल एकाच दिवशी. अर्जदार अमेरिकेची कायम रहिवासी नसल्याने अर्जाचा विचार करता येत नाही. अर्जाचा विचारच नाही! म्हणजे गुणवत्तेवर नापास झालेलो नाही. दोन कॉलेजं कमी झाल्याने उरलेल्या चारवर लक्ष एकवटता येईल.
शक्यता: ८८ टक्के.

१९ फेब्रुवारी
उरलेल्या चारांचंही तेच. सकाळी पाचला उठून एका कॉलेजला फोन लावला. बाई गोड बोलली. मी म्हटलं, जपानसारखा देश मला कायमचा ठेवतो. ती म्हणाली, अभिनंदन. मग आणखी काही मदत हवी का विचारलं. मी वाकून थँक यू म्हटलं आणि ठेवला. फोनवर वाकायची इथे सवयच लागते.

नुपूर दारात उभी होती. आत जाऊन चहा ठेवला.
शक्यता: तांत्रिक अडचण.

१४ मार्च
लिफ्टमध्ये रविकांत. डोळे पाणावलेले. ओजसला मिळालं. मी अभिनंदन म्हटलं. त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, पाडव्याला ट्रॉफी तुझ्याच हातून, तू आधीच ठराव केलास ते किती बरं केलंस! तिसरा मजला यायला आज फार वेळ लागला.

२८ मार्च, शनिवार
पाडव्याचा कार्यक्रम. आजारी पडायचा प्रयत्न केला. मधुरिमाने थर्मामीटर दाखवून तो हाणून पाडला.

ट्रॉफीवरून नुपूरच्या नावाची पट्टी काढायला बसलो तर 'नु' निघेना. तशीच दिली. ओजस पाया पडला. मग माइकवर अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी बोलला. म्हणाला, इंटरव्ह्यूत मला फक्त वृद्धाश्रमाबद्दल विचारलं, आणि तिथे मला नुपूरने नेलं, म्हणून यावर तिचं अर्धं नाव आहे ते बरोबरच आहे. हॉल टाळ्यांनी दणाणला. या वेळी मी नीट बघितलं. कोणी हसत नव्हतं.

फोटो रविकांतने काढला.

२९ मार्च, रविवार
नुपूर आज सेंदाईला गेली. सोडायला उएनो स्टेशनपर्यंत मी एकटाच गेलो, मधुरिमा घरीच रडत बसली. प्लॅटफॉर्मवर राहवलं नाही. म्हटलं, बेटा, त्या दिवशी गणपतीत रविकांतने तुझा अपमान केला, त्याचा बदला घ्यायचा माझ्याकडून राहून गेला.

ती आधी गोंधळली. मग अख्खं मराठीत बोलली, एकही जपानी शब्द न घालता. म्हणाली, बाबा, तो अपमान कुठे होता? मला काहीतरी चांगलं जमतं असं माझ्याबद्दल पहिल्यांदाच कोणीतरी सगळ्यांसमोर म्हणालं. नर्सिंगचं मी त्याच दिवशी आईला सांगितलं.

मी विचारलं, मग माझ्याबरोबर सहा फॉर्म कशाला भरलेस? ती म्हणाली, तुम्ही रोज सात वाजता माझ्याशेजारी येऊन बसत होतात. आधी कधी बसला नव्हतात. मग तिने माझ्या मफलरचं टोक आत खोचलं, वृद्धाश्रमात आजोबांचं खोचते तसं, आणि गाडीत चढली. गाडी वेळेवर सुटली. इथे एकदाही उशिरा सुटत नाही.

घरी येऊन एक्सेल शीट पुसली.

उद्या सोमवार, कागदाचा वार. सहा कॉलेजांची ब्रोशरं बांधून खाली ठेवायची आहेत. घरातली सुतळी संपलीय. रविकांतकडे असते. खाली जाऊन मागणे.