टाकीतलं पाणी

प्रिय नायफ,

हे पत्र तुझ्या हातात देण्याची हिंमत माझ्यात नाही. काल इस्पितळात शुद्धीवर आल्या आल्या तू हात धुवायला पाणी मागितलंस, आणि मी तोंड फिरवलं.

अम्मानमध्ये आपल्या गल्लीत पाणी येतं फक्त मंगळवारी. तुझ्या हात धुण्यापायी टाकी शुक्रवारीच रिकामी व्हायची. कातडी फुटून रक्त यायचं, तरी तू म्हणायचास, "ताई, अजून एकदाच. नाहीतर माझ्या हातांमुळे कुणीतरी मरेल." मी ओरडायचे, "चौतीस वर्षांचा घोडा झालास, लाज नाही वाटत?" गेल्या गुरुवारी तर मी गच्चीवर जाऊन टाकीचा कॉकच बंद केला.

त्या दुपारी जेवताना तू म्हणालास, "मी नसतो तर तुम्हाला पाणी पुरलं असतं."

"पुरलं काय, उरलं असतं!" मी म्हणाले. आई हसली. तूही हसलास.

शुक्रवारी तू जीव द्यायला गेलास.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे सारखं हात धुणं हट्ट नाही, आजार आहे. याआधी ते कधी मरणाचं बोलले होते का? नीट आठवून सांगा, पुढचे उपचार त्यावर ठरतील."

आईसमोर मी म्हटलं, "छे, कधीच नाही."

आता त्यांना खरं सांगायला निघालेय. कॉक उघडून ठेवलाय. आज सोमवार आहे, नायफ, आणि टाकीत अजून पाणी आहे.

तुझी मोठी बहीण,
रुदैना