पाच फुटांचा कॅमेरा

बुधवार, दुपारी (ऑफिसातून, साहेब जेवायला गेलेत)

साडूभाऊ,

तुम्हाला तीर्थरूप लिहावं तर तुम्ही माझ्याहून चारच वर्षांनी मोठे, आणि नुसतं प्रिय लिहावं तर हे पत्र तुमच्याआधी ताई फोडणार (तुमची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे दोन्हीकडून जबर माणूस). तेव्हा मायन्याच्या भानगडीत न पडता सरळ नमस्कार करतो. वाकून केलाय असं समजा. प्रत्यक्षात गुडघा वाकत नाही. तुमचं पित्त कसं आहे? औषधाच्या दुकानाचा मालक असून तुम्ही पित्तावर काही घेत नाही, असं ताई सांगत होती. हे म्हणजे हलवायाने उपाशी राहण्यातलं झालं. पोरं बरी असतील. इकडे आम्ही तिघं, म्हणजे मी, तुमची मेहुणी आणि सासरेबुवा, ठीक आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुमच्यात आणि सासरेबुवांत दोन वर्षं जो अबोला चाललाय, त्याच्याशी या पत्राचा काडीचाही संबंध नाही. तुम्ही महिन्यातून एकदा ताईला गल्लीच्या कोपऱ्यावर स्कूटरवरून उतरवता आणि तिथूनच पाठ फिरवता, हा तुमचा आणि तुमच्या स्कूटरचा प्रश्न आहे. मी कशाला मध्ये पडू? त्यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, भरल्या घरात, तुम्ही त्यांच्या मांडीवर कानाच्या मशीनचा डबा ठेवलात आणि 'आता तरी ऐका आमचं' म्हणालात. तेव्हा तुमच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण ज्या शिंप्याने पन्नास वर्षं गावाची मापं घेतली, त्याचंच माप चारचौघांत काढल्यासारखं झालं हो. 'मला स्पष्ट ऐकू येतं, लोकच पुटपुटतात,' असं म्हणून त्यांनी डबा टेबलाच्या खणात टाकला. मग ज्याच्यावर वीस वर्षं तुमचा डोळा होता तो कॅमेरा कपाटातून काढला आणि, तुमच्याकडे बघत, माझ्या हातात दिला. मी शेजारी उभा होतो एवढाच माझा गुन्हा. मला वाटलं, नुसता धरायला दिलाय.

तर पत्र त्या कॅमेऱ्याबद्दल आहे. वर्षभर मी त्याला हातच लावला नाही (तुमच्या वाटणीचं लाडकं लेकरू दत्तक आल्यासारखं वाटायचं). पण गेल्या वर्षी एका रविवारी सहज चामड्याचं कव्हर उघडलं आणि साडूभाऊ, मी कामातून गेलो. काय वस्तू आहे! कंपनीने तो बनवायचा बंद केल्याला चाळीस वर्षं झाली, सुटे भाग मिळत नाहीत, आणि तरी बेट्याचा एक स्क्रू ढिला नाही. आमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात गेल्या वर्षी आलेली खुर्ची आज तीन पायांवर उभी आहे, त्या पार्श्वभूमीवर हे वाचा. लिव्हर ओढली की आत दाते एकमेकांत बसल्याचं बोटाला कळतं. बटण दाबलं की खट्. फार मोठा नाही आवाज. चांगलं कुलूप लागावं तेवढाच. माझ्या फोनमध्ये नऊ हजार फोटो आहेत, त्यातले चारशे माझ्याच अंगठ्याचे, आणि एकही मी दुसऱ्यांदा पाहिलेला नाही. इथे एका रोलमध्ये छत्तीस, बास. छत्तीसच आहेत म्हटल्यावर माणूस समोरच्या माणसाकडे नीट बघायला लागतो. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर तुमच्या मेहुणीच्या डाव्या भुवईत एक बारीक खूण आहे हे मला या कॅमेऱ्यामुळे कळलं. (ती लहानपणी ताईने फेकलेल्या पाटीची आहे, हेही कळलं. विषय वाढवत नाही.)

आता पराक्रम ऐका. पहिला रोल मी भिंगावरचं झाकण न काढताच संपवला. या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं, त्यामुळे डोळ्याला सगळं दिसतं आणि फिल्मला काहीच नाही. आमच्याकडचा एकुलता एक स्टुडिओवाला अजून बाथरूममध्ये पडदा लावून रोल धुतो. त्याने ती काळीकुट्ट पट्टी शांतपणे माझ्यापुढे धरली आणि अंधाराचे फोटो छान आलेत म्हणाला. दुसऱ्या रोलला झाकण काढलं, पण फिल्मचं टोक आतल्या चाकात अडकवायचं राहिलं. चाळीस झाले, पंचेचाळीस झाले, तरी रोल संपेना, आणि मी मूर्ख, कंपनीने जास्तीची फिल्म दिली म्हणून खूश! सासरेबुवा हे सगळं खिडकीशी बसून, कुणाची तरी कॉलर उलटवत, मूग गिळून बघत होते. दुसऱ्या रोलचा निकाल लागल्यावर मात्र उठले, माझ्या हातून कॅमेरा घेतला आणि म्हणाले, "जावईबापू, कापड मशीनखाली सरकतंय की नाही हे आधी बघतात. मग पॅडल मारतात."

तिथून आमची शिकवणी सुरू झाली. पहिली अडचण अंतराची. खिडकीत दोन प्रतिमा एकावर एक आणून अंतर ठरवायची सोय होती, पण ती आता इतकी विटलीय की दोन सोडा, एक दिसायची मारामार. सासरेबुवांनी गळ्यातली टेप काढली. शिंप्याची टेप पाच फुटांची. तेव्हापासून आमच्याकडे सगळे फोटो पाच फुटांवरून निघतात. टेपचं पितळी टोक समोरच्याने नाकाला लावून धरायचं, दुसरं टोक मी कॅमेऱ्याला लावायचं, ताण बरोबर आला की टेप सोडायची आणि हलायचं नाही. पोस्टमन झाला, गॅसवाला झाला, वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई झाल्या. सगळ्यांची नाकं लागली आहेत त्या टेपला. पितळ नाकाला गार लागतं, त्यामुळे आमच्या फोटोतली झाडून सगळी माणसं नुकतीच दचकलेली दिसतात. डोंगर, नदी, सूर्यास्त यांचा नाद आम्ही सोडला. त्यांच्या नाकापर्यंत टेप पोचत नाही.

दुसरी अडचण उजेडाची, आणि इथे माझं आणि सासरेबुवांचं वाजलं. कॅमेऱ्यात उजेड मोजायचा मीटर आहे, त्यात एक नाजूक काटा. मी जन्मभर लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचलेला माणूस. काटा सांगेल ते सत्य, ही आमची खात्याची शिकवण. पण या मीटरची बॅटरीही आता बनत नाही, कारण तिच्यात पारा असायचा आणि पाऱ्यावर बंदी आली. स्टुडिओवाल्याने युक्ती सांगितली: कानाच्या मशीनची बॅटरी चालते, आकाराने लहान असते, भोवती काहीतरी घालून बसवा. नळाचा वॉशर त्या खाचेत असा चपखल बसला की खात्यात आल्यापासून पहिल्यांदा मला खात्याचा अभिमान वाटला. आणि बॅटरी? साडूभाऊ, आता चिडू नका. खणातल्या तुमच्या डब्यात बॅटरीची पाकिटं तशीच होती. मशीन कुणी लावत नव्हतं. म्हातारबुवा दुपारी झोपले की मी हळूच खण उघडायचो. मागची निळी चिकटपट्टी सोलायची, जरा हवा लागू द्यायची, की काटा जिवंत! त्यांनी एकदा त्या काट्याकडे पाहून 'हुं' केलं. मी काटा म्हणतो, ते सुई म्हणतात. "सुईवर जन्मभर पोट भरलं, जावईबापू, पण कुठे टोचू असं सुईला कधी विचारलं नाही." मी पैज लावली. तिसऱ्या रोलचे अर्धे फोटो माझ्या काट्याने काढले, अर्धे त्यांच्या अंदाजाने. ते नुसते दारात जायचे, तळहात उजेडात धरायचे आणि आकडा सांगायचे. (कापडाशी धाग्याचा रंग जुळवायला शिंपी गिऱ्हाइकाला दारात का नेतो, ते मला पन्नाशीत कळलं. त्यांनी पन्नास वर्षं तेवढंच केलंय: उजेड बघितलाय.) स्टुडिओवाल्याने रोल धुतला. माझ्या काट्याची माणसं एकतर पीठ मळून आलेली, नाहीतर कोळसा उपसून. त्यांची सगळी, एकूण एक, जिवंत! तो स्टुडिओवाला कुणाला चांगलं म्हणत नाही, पण त्याने फोटो परत परत पाहिले आणि विचारलं, हे कुणी काढले? मी खरं सांगितलं. सांगताना छाती माझीच फुगली, का ते माहीत नाही.

तरीही मी काट्याला चिकटून राहिलो (सुंभ जळाला तरी पीळ जात नाही). आणि मग लक्षात आलं की बॅटऱ्या फार लवकर संपताहेत. महिना-दोन महिन्यांत एक लागावी, तर खणातली पाकिटंच्या पाकिटं रिकामी! आधी कॅमेऱ्यावर संशय घेतला. घड्याळवाल्याकडे नेऊन खालचं झाकण उघडवलं, त्याला काही सापडलं नाही. मग तुमच्या मेहुणीला विचारलं; तिने मला कपडे वाळत घालायला लावले. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे सासरेबुवांना विचारायची सोय नव्हती.

आणि दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. दुपारची वेळ, स्वयंपाकघरात तुमच्या मेहुणीचा फोटो घेत होतो. उजेड कमी, म्हणून शटर सावकाश ठेवलं होतं. सासरेबुवा बाहेरच्या खोलीत, आमच्याकडे पाठ करून, कुणाच्या तरी शर्टाला बटण लावत बसलेले. मी बटण दाबलं. नेहमीचा आवाज आला, निदान माझ्या धडधाकट कानांना तरी. तर बाहेरून शब्द आले: "अडखळला तो. सावकाश चालताना शेवटी चिकटतोय. तेल मागतोय." मी हो म्हटलं. मग मी थांबलो. तुमची मेहुणी थांबली. बाहेर बटणही थांबलं. शेजारून ओरडलं तरी 'काय?' म्हणणारा माणूस, पंधरा फुटांवरून, पाठमोरा, शटरचं दुखणं सांगतोय! बाहेर जाऊन पाहतो तर उजव्या कानामागे तुमचं मशीन, आणि शिलाई मशीनच्या कडेला निळ्या चिकटपट्ट्या एका ओळीत चिकटवलेल्या. (शिंपी काही फेकत नाही.) मी त्यांच्या बॅटऱ्या चोरत होतो आणि ते माझ्यापासून लपवून त्याच वापरत होते, चोरावर मोर! वर्षभर. खोकून, घसा साफ करून म्हणाले, या कॅमेऱ्याचा आवाज ऐकल्याला फार दिवस झाले होते, म्हणून एकदा लावून बघितलं. मग सवय लागली. आणि त्या औषधवाल्याला यातलं अक्षर कळता कामा नये. मी शब्द दिला. दिलेला शब्द मी पाळतो. तोंडातून चकार काढणार नाही. लिहिण्याबद्दल काही बोलणं झालं नव्हतं.

तर मुद्द्याची गोष्ट: खणात आता एकच बॅटरी उरलीय. ती त्यांच्या कानात घालावी की माझ्या कॅमेऱ्यात, हा प्रश्न आहे. दुकानातून दोन पाकिटं ताईबरोबर पाठवा. बाकी काही मागणं नाही. लोभ असेलच, वाढला असला तर पाकिटांसोबत बांधून द्या.

तुमचा धाकटा साडू

ता. क. — बॅटरी खरं म्हणजे कॅमेऱ्याला नको आहे. मी काट्याकडे बघणं सोडलंय. दोन्ही पाकिटं त्यांनाच.

ता. क. दुसरा — चौथा रोल पस्तिसाव्या फोटोवर सहा आठवडे अडकून पडलाय. छत्तिसावा मी घ्यायला गेलो की म्हातारबुवा भिंगावर हात ठेवतात. शेवटचा राहू द्या, म्हणतात. का, ते सांगत नाहीत. रोल संपल्याशिवाय धुता येत नाही आणि पस्तीस फोटो आत आहेत. मला रात्री झोप नाही.

ता. क. तिसरा — हे पत्र मी त्याच दिवशी लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण तुम्ही आलात, तुमचं जुळलं, तर कॅमेरा तुमच्याकडे जाणार. तो तुमचाच होता, मला रागाच्या भरात मिळालाय. सांगायला लाज वाटते, पण सहा आठवडे मी तो कव्हरसकट उशाशी घेऊन झोपलो. घेऊन जा. रविवारी मला बघायला मिळाला म्हणजे झालं.

ता. क. चौथा — गेल्या खेपेला ताई यायची होती. बेल वाजायच्या कितीतरी आधी म्हातारबुवा म्हणाले, "आली. सायलेन्सर फुटलाय त्याच्या गाडीचा. दुनियेला औषधं विकतो, गाडीला कुणी द्यायची?" मग मान तिरकी करून बसून राहिले, तुमची स्कूटर वळून पार लांब जाईपर्यंत. ताई आत येऊन उभी राहिली तरी त्यांचं लक्ष रस्त्याकडेच. मला फार वाईट वाटलं हो.

ता. क. शेवटचा — साहेब आलेत, आटोपतो. काल संध्याकाळी सासरेबुवांनी दुसरी नवी टेप काढली आणि जुनीच्या टोकाला शिवून टाकली. दुहेरी टाके घातलेत. आता ती दहा फुटांची झाली. आम्ही घरात तिघंच आहोत, साडूभाऊ. तिघांना पाच फूट पुरतात. रविवारी कोपऱ्यावरून परत फिरू नका. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवाय.