खालच्या खणातली माणसं

देवपूर, धुळे
मंगळवार

प्रिय प्रशील,

सप्रेम जय भीम. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनवर तू पाचव्या मिनिटाला ‘अक्का, मीटिंग आहे’ म्हणतोस आणि मी चौथ्या मिनिटापर्यंत मुद्द्यावर आलेली नसते. दोष दोघांचाही आहे, माझा जास्त. दिवाळीच्या सुटीत नशिराबादला जाऊन आबांच्या गॅरेजमधल्या हत्यारांची यादी करायचं काम तू मला दिलं होतंस, म्हणजे तुझा तो जुनी हत्यारं विकत घेणारा नीलेश महिनाअखेरीला टेम्पो घेऊन येईल आणि सगळं उचलून नेईल. यादी अजून पाठवली नाही. का नाही, ते लिहिते. त्यात माझी चूक नेमकी कुठे सुरू झाली तेही लिहायचं आहे, पण ती जागा डायरीत तीनदा खोडूनही मला नीट सापडलेली नाही.

तुझं म्हणणं खोटं नाही, हे आधीच कबूल करते. आबांचं मोडलेलं मनगट जुळेल, पण जड काम आता नाही, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं. आबांनीही मान हलवली. गॅरेज बंद करायला त्यांची ना नाही. तेव्हा मी भावनेच्या भरात लिहितेय असं समजू नकोस. निदान तसं होऊ नये म्हणून मी आठ दिवस थांबले.

रिंग पाने, फिक्स पाने, पकडी यांची यादी पहिल्याच दुपारी झाली. अडलं ते हिरव्या पेटीच्या सगळ्यात खालच्या खणाशी. तू ज्याला ‘मोठे सॉकेट’ लिहिलं होतंस त्या गोट्या, ट्रक-ट्रॅक्टरच्या मोठ्या नटांना बसणाऱ्या, तिथे तेवीस निघाल्या. खण दोन हातांनी ओढावा लागतो. आत सत्तावीसच्या शेजारी पंचावन्न, तिच्या शेजारी बत्तीस, मग एक इंची मापाची, मग पुन्हा बत्तीस. आमच्या प्रयोगशाळेत पोरांनी वजनं अशी ठेवली असती तर मी त्यांना घरी जाऊ दिलं नसतं. निम्म्यांवरचे आकडे झिजलेले. तसं असणार हे ओळखून मी कॉलेजचा व्हर्नियर कॅलिपर घेऊन गेले होते, रजिस्टरमध्ये ‘घरगुती कारणासाठी’ अशी नोंद करून. ‘घरगुती’ म्हणणं प्रामाणिक होतं का, यावर बसमध्ये पारोळ्यापर्यंत विचार केला.

सगळ्या गोट्या डिझेलमध्ये धुतल्या, पुसल्या आणि लहानापासून मोठीपर्यंत ओळीने लावल्या. सव्वा इंची गोटी बत्तीसच्या आधी की नंतर, यात अर्धा तास गेला. ती पावणेबत्तीस मिलिमीटर भरते, म्हणून आधी. प्रत्येकीपुढे आकड्याची चिठ्ठी चिकटवली. आबा प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन खुर्चीतून बघत होते. मी ते कौतुक समजले. आई चहा घेऊन आली, खणाकडे बघून म्हणाली, की पन्नास वर्षांत या माणसाचे सदरे हलवले, पेटी-पलंग हलवले, पण त्या खणाला हात लावायची माझी छाती झाली नाही, आणि तू एका दुपारात चिठ्ठ्या लावून मोकळी झालीस. प्रशील, मी तेही कौतुकच समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या गल्लीतल्या कमलबाई आल्या, स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः चालवतात त्या. ट्रॅक्टर शेतातच अडून उभा होता आणि त्यांना ‘त्यांची’ गोटी हवी होती. ही आबांची पद्धत मला माहीत नव्हती: नेहमीच्या गिऱ्हाइकाने आपली गोटी न्यायची, नट खोलायचा आणि दिवस मावळायच्या आत आणून जागच्या जागी ठेवायची. आबांनी नजर रस्त्यावर ठेवूनच डावा हात खणाच्या पुढच्या कोपऱ्यात घातला. हाताला सत्तावीसची बारकी गोटी लागली. चुकून दुसऱ्याच्या ताटात गेल्यासारखा त्यांनी हात मागे घेतला.

मी कमलबाईंना नंबर विचारला. त्या म्हणाल्या, मी काय तिच्या बारशाला गेली होती? मग आबांना विचारला. तुला माहीत आहे, ते गिऱ्हाइकांशी शुद्ध बोलतात आणि चिडले की गावाकडची, फागण्याची अहिराणी येते.

“नंबर कोन पाहस? आठे नंबर नही, मानसं शेतस.”

इथे म्हणे नंबर नव्हते, माणसं होती. शेवटी अख्खा खणच रिक्षात घालून आम्ही दोघी शेतात गेलो. रिक्षावाल्याने मधे दोनदा मागे वळून विचारलं, आत नेमकं काय आहे. नटावर चिखलाचा थर होता. मी व्हर्नियर लावला: पहिल्यांदा साडेबेचाळीस, दुसऱ्यांदा चव्वेचाळीस. मी वहीत सरासरी काढायला घेतली तेव्हा कमलबाईंनी वही माझ्या हातातून काढून बांधावर ठेवली, विळ्याने चिखल खरवडला आणि एकेक गोटी लावून बघायला सुरुवात केली. एक्केचाळीस बसली. पण नट हलेना. मग गोटी फिरवायच्या दांड्यावर, टॉमीवर, लांब पाइप चढवला आणि त्यावर मी उभी राहिले. माझ्या बासष्ट किलोंचा आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला उपयोग झाला. नट कट्‌ करून सुटला आणि मी कपाशीच्या ओळीत बसले. बी.एस्सी.च्या निकालानंतर मला एवढा आनंद झालेला नाही. हे डायरीत लिहिलं, मग लग्नाची तारीख आठवून खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

त्या दिवशी चार वाजता मी चिठ्ठ्या खरडून काढल्या आणि आबांसमोर बसले. ते सांगत गेले, मी गोट्या ठेवत गेले. खण धुळ्याच्या रस्त्याने लावलेला होता रे. पुढची रांग नशिराबादची, कारण ते लोक रोज येतात. मग जळगाव, पाळधी, एरंडोल, पारोळा, आणि अगदी मागे फागणे. ज्याची गाडी ज्या नटासाठी पहिल्यांदा अडली, त्याच्यासाठी ती गोटी घेतली आणि ती त्याच्या नावाची झाली. पाळधीच्या पंडित मास्तरांची छत्तीस. एरंडोलच्या लताबाईंच्या थ्रेशरची दीड इंची. दोन बत्तीस का, तर पारोळ्याच्या दोन चुलतभावांचं बोलणं बंद आहे आणि एकाने वापरलेली गोटी दुसरा हातात घेत नाही. यातली चार माणसं आता नाहीत. त्यांच्या जागा आबांनी कुणाला दिलेल्या नाहीत. आणि मी त्या सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं होतं, शाळेच्या प्रार्थनेला करतात तसं.

बावीस लागल्या. एक उरली. माझ्या कच्च्या यादीत मी तिच्यापुढे लिहिलं होतं: पंधरा सूत (सुमारे साडेसत्तेचाळीस मिलिमीटर), कशालाच बसत नाही, भंगारात द्यावी. तुला ती आठवत असेल. तू डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होतास. एका ट्रकसाठी शेहेचाळीसची गोटी हवी होती, आबांनी तुला जळगावला पाठवलं. दुकानात शेहेचाळीस नव्हती. तू तिथेच कॅल्क्युलेटर काढून हिशोब केलास आणि पंधरा सुती घेऊन आलास, दीड मिलिमीटरने काय होतं म्हणून. नटाचे सगळे कोपरे गेले. दोन दिवस छन्नीने तोडावा लागला, आणि आबा तुला गिऱ्हाइकांसमोर जे बोलले ते मी पायरीवर उभी राहून ऐकलं. मधे पडले नाही. त्याला सव्वीस वर्षं झाली. तू घरी येतोस, औषधं आणतोस, आईचा मोबाइल नीट करून देतोस, पण गॅरेजात पाऊल टाकत नाहीस. आपण सगळेच असं वागतो, जणू तुला वेळच नसतो.

आबांनी ती गोटी डाव्या हाताने उचलून जळगावच्या रांगेत ठेवली. आधी ती नशिराबादच्या रांगेत होती म्हणे. तू जळगावला फ्लॅट घेतलास तेव्हा त्यांनी तिकडे सरकवली. मी म्हटलं, आबा, ही कुठल्याच नटाला बसत नाही, नीलेश घेणार नाही, आणि बाकीचं तरी द्यायचं नक्की आहे ना? त्यांनी खण गुडघ्याने आत ढकलला.

“बठ्ठं दी टाक. पन ती प्रशीलनी शे. त्याले इचारीसन दे.”

म्हणून हे पत्र. बाकी सगळं देऊन टाकायचं, पण तुझी गोटी तुला विचारून, असं त्यांनी सांगितलं, म्हणून मी विचारतेय. पण उत्तर मला कळवू नकोस, मी ते माझ्या शब्दांत सांगायला गेले तर त्यात दोन पानं घालीन. रविवारी गॅरेज उघडं असतं. आबा माफी वगैरे मागतील अशी अपेक्षा ठेवू नकोस. दीड मिलिमीटरचा तो हिशोब तू नेमका कसा केला होतास, हे मात्र ते नक्की विचारणार. मी त्यांना तसं विचारताना ऐकलंय, खुर्चीत एकटेच असताना.

तेव्हा मधे न पडलेली, पण तुझीच,
वृषाली अक्का