न हलणारं टेबल

८ फेब्रुवारी, शनिवार

मिळालं! निशिदा-साननी काडतुसं भरायचं त्यांचं यंत्र शेवटी मलाच दिलं. शूटिंग रेंजवरचे सगळे म्हातारे टपून बसले होते – आणि दिलं कुणाला, तर मला! म्हणाले, "आता मला छर्रे आणि तीळ सारखेच दिसतात. चित्रा-सान, तुमचा हात स्थिर आहे."

आहेच! कंपनीत दिवसभर धातूंची भुकटी तोलते मी, ती काय उगाच?

दुकानातल्या काडतुसांचे दणके खाऊन उजवा खांदा वर्षभर ठणकतोय. डॉक्टर म्हणतात, शूटिंग सोडा. सोडते कशाला! कॉलेजात एनसीसीची रायफल हातात धरली तेव्हापासून नेम धरल्याशिवाय मला मोकळं वाटत नाही. बेताच्या दणक्याची काडतुसं घरीच भरीन. मातीच्या तबकड्या फोडायला तोफ लागत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

जागा ठरली. मागची सामानाची खोली. लाकडी जमीन, उत्तरेची खिडकी, रॉकेलचा हीटर जवळपाससुद्धा नाही. सकाळभर खोकी उपसली. सुशीलने एक शब्द न बोलता सगळा कचरा वेगळा केला – जळणारा, न जळणारा, बाटल्या, पुठ्ठे. ऑक्टोबरात त्याचं काँट्रॅक्ट संपलं तेव्हापासून घर नुसतं लखलखतंय. नवऱ्याला घर चांगलंच मानवलंय.

तन्वी दारातून डोकावून गेली. "मुरी, मुरी." म्हणजे जमायचं नाही! लेक तेरा वर्षांची घोडी झाली, तिला जगात काहीच जमण्यासारखं दिसत नाही. मी मराठीत दम दिला, तिने जपानीत उत्तर दिलं, दोघींचं समाधान झालं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

टेबलाचं घोडं अडलंय. तन्वीचं जुनं टेबल लावून पाहिलं – यंत्राचा दांडा ओढला की डुगडुगतं. निशिदा-सान फोनवर म्हणाले, "टेबल हललं की माप हललं." आणि दुसरा नियम: या टेबलाशी बसलं की कुणाशीही बोलायचं नाही. अवाक्षर नाही! मी म्हटलं, पहिला नियम सोपा आहे. ते इतके हसले की खोकलाच आला त्यांना.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुशीलने स्वतःचं टेबल दिलं! तेच, ओसाकाहून आणलेलं, जाड लाकडाचं, ज्यावर कप ठेवला तर आधी आरडाओरडा व्हायचा. म्हणाला, "हे घे. मला आता लागत नाही." मी म्हटलं, अरे इंटरव्ह्यूचे कॉल आले तर? म्हणाला, मांडीवर लॅपटॉप चालतो.

काय मन आहे या माणसाचं! दुसरीच्या नवऱ्याने बंदूक म्हटल्यावर घर डोक्यावर घेतलं असतं. दोघांनी मिळून टेबल मागे नेलं. त्याने लेव्हल लावून पाय सारखे केले, भोकं पाडली, यंत्र आवळलं. सगळं अगदी निगुतीने. दांडा ओढून पाहिला – ढिम्म हललं नाही. मी टाळ्या वाजवल्या. तो हात पुसत तिथेच उभा राहिला, मग भांडी घासायला गेला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पोलीस ठाण्यातून ओकामोतो-सानचा फोन. बंदुकांचं काम तेच बघतात. परवान्याचं नूतनीकरण आलंच आहे, तेव्हा खोलीची पाहणी आणि घरच्यांची चौकशी एकदमच उरकू म्हणाले. घरच्या प्रत्येकाशी वेगळं बोलणार, शेजाऱ्यांनाही विचारणार. विचारा की! लपवण्यासारखं आहे काय?

२२ फेब्रुवारी, शनिवार

कपाटं लागली. बंदुकीचं एकीकडे, काडतुसांचं दुसरीकडे, दोन्ही भिंतीत घट्ट. आणि आज नवल झालं – सुशीलने आपणहून प्रश्न विचारला! किती दिवसांनी! "किल्ली कुठे ठेवतेस तू?"

मी म्हटलं, सांगितलं तर परवाना जाईल राजा! घरच्यांनाही कळता कामा नये, असाच नियम आहे.

"बरं आहे," म्हणाला. "सांगूच नकोस." आणि थोड्या वेळाने परत स्वयंपाकघरात येऊन, "जागा बदलतेस ना अधूनमधून?"

बदलते, म्हटलं. त्याला बरं वाटलं असावं. गेली सहा वर्षं त्या बंदुकीकडे ढुंकून न पाहिलेला माणूस! रस घ्यायला लागला की काय? उन्हाळ्यात त्याला रेंजवर नेलंच पाहिजे. घरात बसून बसून मरगळलाय. जरा मोकळी हवा लागली की ताळ्यावर येईल.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

चौकशी झाली म्हणे शेजारी. मोरी आजींनीच कुंपणावरून सांगितलं. पोलिसाने विचारलं, या घरात भांडणं होतात का? आजी म्हणाल्या, "नाही हो. आवाज फक्त बाईंचाच येतो."

हसून हसून पुरेवाट! रात्री जेवताना सांगितलं. तन्वी फिदीफिदी हसली. सुशीलही हसला, आमटी तशीच ठेवून.

१ मार्च, शनिवार

निशिदा-सान येऊन बघून गेले. टेबलावर तळवा ठेवून डोळे मिटून उभे राहिले. "रिप्पा," म्हणाले – म्हणजे झकास! त्यांच्या तोंडून! जाताना मात्र सुशीलकडे वळून दोनदा पाहिलं आणि मला दारात विचारलं, "मिस्टर जेवतात ना नीट?" जेवतो हो, म्हटलं. पहिल्यापासून अंगानेच बारीक.

५ मार्च, बुधवार

पाहणी झाली. पास होणार, यात शंकाच नाही! ओकामोतो-साननी कपाटं ओढून पाहिली, खिडकीची कडी पाहिली, हीटर कुठे आहे विचारलं. टेबल तर गुडघा लावून ढकललं. हललं नाही. मान डोलावली.

मग मुलाखती. तन्वीची पाच मिनिटांत संपली. सुशीलची मात्र संपेचना. मी चहा केला, तो गार झाला, परत केला. बैठकीचं दार बंद. याला बोलायला लावायचं म्हणजे मला महिना लागतो आणि त्या पोलिसाशी एवढं काय? जपानी चांगलं आहे त्याचं, पण म्हणून काय गप्पा मारायच्या?

बाहेर आला तेव्हा तोंड धुतल्यासारखं दिसत होतं. ओकामोतो-सान मला खूप खाली वाकून नमस्कार करून गेले. सुशील आडवा झाला तो संध्याकाळपर्यंत. चक्क घोरत होता! चला, एक काम झालं.

६ मार्च, गुरुवार

बंदूक आणि सगळी काडतुसं तूर्त बंदुकांच्या दुकानात ठेवायला द्या म्हणतात. परवाना थांबवलाय. का? फोनवर ओकामोतो-सान नुसतं एवढंच – "तुमच्या मिस्टरांनी तशी विनंती केली आहे. कारण ते स्वतःच सांगतील. कृपया त्यांना आज एकटं ठेवू नका."

डोकं सणकलं माझं! माझ्या पाठीमागे! टेबल स्वतः दिलं, भोकं स्वतः पाडली आणि पोलिसासमोर नाही म्हणाला? नको होतं तर माझ्या तोंडावर सांगायचं. मी काय खाते का त्याला?

आणि एकटं ठेवू नका म्हणजे काय?

बंदूक द्यायला त्याला सोबत नेलं. गाडीत मी एक अक्षर बोलले नाही. रागाने. येताना तो म्हणाला, "थँक यू." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

९ मार्च, रविवार

यंत्र सोडवून खोक्यात घातलं. टेबल जागच्या जागीच आहे. त्याच्याशी आम्ही दोघं बसलो. मी विचारलं, त्या पोलिसाला सांगितलंस, मला का नाही?

म्हणाला, "तू लगेच उपाय काढला असतास. त्यांनी विचारलं, झोप लागते का, आणि पेन खाली ठेवलं. मग मी सांगून टाकलं. घरात बंदूक आहे म्हटलं की मला माझीच भीती वाटते, चित्रा. दिवाळीपासून."

उद्या डॉक्टरकडे जायचंय. मी खूप घाबरलेय. ओठांवर दहा वाक्यं आली होती, सगळी समजुतीची. निशिदा-सानचा नियम आठवला – या टेबलाशी बसलं की बोलायचं नाही.

मी बोलले नाही. तो बोलत राहिला.